‘जिगोकू’मधल्या शिरोचं नेमकं पाप कोणतं?

रामबागकर:
नोबुओ नाकागावांचा १९६० सालचा जपानी चित्रपट ‘जिगोकू’ (म्हणजे नरक) काल रात्री पाहिला आणि डोक्याला भुंगा लागला. गाडी नायक शिरोचा मित्र तामुरा चालवतो. झिंगलेल्या याकुझाला, म्हणजे तिकडच्या गुंडाला, उडवतो तो, पळ काढतो तोच. शिरो शेजारी बसून थांबायला सांगत असतो, तरी नरकात फरफट त्याची! आजोबा गेले तेव्हा घरी गरुडपुराण लावलं होतं. त्यात हिशेब कसा रोखठोक, या पापाला हा नरक. इथला चित्रगुप्त झोपला होता का?

गराडूप्रेमी:
भिया, त्या रस्त्याने गाडी घे असं शिरोनेच सांगितलेलं. तामुरा ते ऐकवतोसुद्धा. मला पहिला तास जडच गेला. जो तो मरतोय, शेवटी हसू येतं. खरी मजा शेवटच्या चाळीसेक मिनिटांत.

तिलकनगरच्या काकू:
जड जातो खरा, पण तो तास वगळलात तर पुढे नुसतं रक्तमांस उरतं. शिरोच्या वाग्दत्त वधूला, युकिकोला, पायी जायचं असतं, शिरो टॅक्सीचा हट्ट धरतो आणि त्याच टॅक्सीच्या अपघातात ती जाते. हे कुठल्या कलमात बसवाल? गुन्हा म्हणता येत नाही, निर्दोष म्हणायला जीभ रेटत नाही. प्राध्यापक याजिमांचं बघा. वर्गात नरकावर व्याख्यान देणारा माणूस, युद्धात सोबत्याचं पाणी घेतलेला. तेही तिथेच.
आणि रामबागकर, त्या नरकाचा राजा एन्मा म्हणजे आपलाच यम हो, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. मेल्यावर ओलांडायची सांझू नदी वैतरणीच्याच नात्यातली. आपण निदान गोदान करून मोकळे होतो, शिरोला तीही सोय नाही. न जन्मलेली लेक हारुमी कमळाच्या पानावर वाहत जाते आणि हा तिच्यामागे धावत सुटतो. तोवर सगळा वेळ दुसऱ्यांच्या मागे फरपटलेला माणूस! मला तिथे भीती नाही वाटली, घसा दाटला.

रामबागकर:
काकू, हारुमीचं पटलं. पण तामुरा हा माणूस आहे की शिरोच्याच मनातलं काही? न बोलावता हजर होतो नेहमी.

तिलकनगरच्या काकू:
दोन्ही समजा. योइची नुमातांनी तो असा काही केलाय की तो दारात दिसला की पोटात गोळा येतो.

गराडूप्रेमी:
आता नाकागावांचाच १९५९चा ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ लावा. नायक तोच, शिगेरू आमाची. त्यात पापी कोण यावर वाद होणार नाही, पैज लावतो.