अल्बेंडाझोल पाजूनही शेळ्यांच्या जबड्याखालची सूज उतरत नाही

प्रश्न: उस्मानाबादी शेळ्या, वजन ३० किलोच्या आसपास. पाऊस सुरू झाल्यापासून तिघींच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आहे, हगवण नाही. अडीच टक्क्यांचं अल्बेंडाझोल (जंतनाशक) प्रत्येकी ६ मिली पाजलं, फरक नाही. आता काय द्यावं?

उत्तर १: हगवण नसताना सूज म्हणजे पहिला संशय रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताचा. खालची पापणी ओढून उजेडात बघा. आतली बाजू लाल हवी, पांढुरकी दिसली तर त्या शेळीला आजच डॉक्टरांना दाखवा, नुसत्या जंतनाशकावर थांबू नका.
डोस निम्मा पडलाय. अडीच टक्के म्हणजे मिलीत २५ मिलिग्रॅम. शेळीला किलोमागे १० मिलिग्रॅम धरा, म्हणजे ३० किलोला १२ मिली. कमी डोसात चिवट जंत तेवढे जगतात आणि त्यांचीच पैदास होते. गाभण असेल तर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल अजिबात नको.

उत्तर २: पाजण्याआधी ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, १४ दिवसांनी पुन्हा. लेंड्यांतली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर औषधाचा गटच बदलावा लागतो. क्लोसँटेल की लेव्हामिसोल, हे डॉक्टर ठरवतील. ओढ्याकाठी, पाणथळीत चरत असतील तर लिव्हर फ्लूकचीही (यकृतातला चपटा जंत) तपासणी सांगा, सूज अशीच येते.

उत्तर ३: दव वाळल्यावरच चरायला सोडा. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी असतात, म्हणून सुबाभूळ, शेवरीचा पाला उंच टांगून द्या. आणि पाजताना तोंड फार वर करू नका, औषध फुफ्फुसात जातं.