एक्स्ट्रा ड्राय सर्वांत कोरडी नसते
प्रोसेक्को या इटालियन फसफसत्या वाइनमध्ये ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही सर्वांत कोरडी, म्हणजे सर्वांत कमी गोड, असं कुणी म्हणालं तर ते उलटं आहे. बाटलीवरचे हे शब्द गोडवा सांगतात: लिटरमागे साखर ‘ब्रूट’मध्ये १२ ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये चक्क १७ ते ३२! गोडवा नको असेल तर ब्रूटच घ्या.

काही फसफसत्या वाइनना येणारा भाजलेल्या पावासारखा वास मात्र नेहमीच्या प्रोसेक्कोत शोधू नका. ती बंद टाकीत फसफसवतात, त्यामुळे ग्लेरा द्राक्षाचा नाशपाती-सफरचंदाचा ताजेपणा तेवढा टिकतो. त्या वासासाठी इटलीतल्याच लोम्बार्दी प्रांतातली फ्रांचाकोर्ता ही फसफसती वाइन बघा: बुडबुडे आणणारं दुसऱ्यांदा आंबणं बाटलीतच, यीस्टच्या गाळावर किमान १८ महिने. त्यातला ‘सातेन’ हा प्रकार फक्त पांढऱ्या द्राक्षांची, दाबही कमी, म्हणून बुडबुडे जिभेला मऊ लागतात. ही अगदी बर्फगार करू नका, वास दबतो; ८-१० अंश पुरे.