नोकरीच्या सुरुवातीला मार्गदर्शक असणे कितपत उपयुक्त ठरते?

प्रश्न: मी नुकतीच अभियंता म्हणून नोकरीस लागले आहे. कामाची माहिती पुस्तकांतून आणि सहकाऱ्यांकडून मिळतेच. मग एखाद्या अनुभवी व्यक्तीला मार्गदर्शक मानून तिच्याकडे नियमितपणे जाण्याने नेमके वेगळे काय साधते?

प्रतिसाद १: माझ्या मते सर्वांत मोठा लाभ म्हणजे आपले काम कोणीतरी कठोरपणे तपासते. न्यायमूर्ती रानडे यांनी तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडून सरकारी अहवालांचा आणि अंदाजपत्रकांचा अभ्यास करून घेतला, निवेदनांचे मसुदे लिहून घेतले आणि प्रत्येक विधानाला आधार मागितला. १८९७ मध्ये गोखले लंडनला, भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देऊ शकले, त्यामागे ही अनेक वर्षांची तालीम होती. नुसत्या माहितीतून अशी शिस्त अंगी बाणत नाही.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र मार्गदर्शक एकच असावा, असे मुळीच नाही. आर्थिक आकडेवारीसाठी गोखले गणेश व्यंकटेश जोशी यांचा सल्ला घेत, आणि जोशी हे पेशाने शाळाशिक्षक होते.

प्रतिसाद ३: व्यक्तिमत्त्वाच्या घडणीबद्दलही सांगायला हवे. १९१५ मध्ये भारतात परतलेल्या गांधीजींना गोखल्यांनी वर्षभर देश पाहण्याचा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन न करण्याचा सल्ला दिला. थांबायला सांगणारे माणूस फार मोलाचे असते. आपण वरिष्ठांकडे जाताना स्वतः केलेले काम आणि त्यातील नेमकी अडचण सोबत न्यावी. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते.