बलुतेदारांची सभा राज्य चालवू शकली असती का?

ताम्रपट: एका पोस्टमध्ये वाचलं, "राजानं बलुतेदारांची सभा बसवली असती, तर धंदेवार प्रतिनिधींचं सरकार आपल्याकडेच जन्मलं असतं." साफ चूक. अशी सभा राजाच्या मर्जीनं उभी राहत नाही, त्याच्या अडचणीतून राहते. स्वीडन बघा. १७१८ मध्ये बारावा चार्ल्स निपुत्रिक मेला, लढायांनी देश पिळून निघालेला. मग १७७२ पर्यंत सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी या चार वर्गांच्या सभेचंच चाललं. प्रत्येक वर्ग वेगळा बसायचा, वर्गाला एक मत.

गावकूस: शेतकऱ्यांचं नाव कशाला घेता? परराष्ट्र आणि पैसा ठरायचा गुप्त समितीत. जागा १००: सरदार ५०, धर्मगुरू २५, नगरवासी २५. शेतकरी एरवी दाराबाहेर. त्यापेक्षा आमची गोतसभा, म्हणजे गावच्या वतनदारांची न्यायसभा, बरी. महजरावर, म्हणजे तिच्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर, पेठेच्या शेट्याचा तराजू आणि बलुतेदारांच्याही निशाण्या असायच्या.

खळेवाट: निशाणी साक्षीची, सत्तेची नव्हे! गोत वतनाचा तंटा तोडायचं. सरकारनं करपट्टी किती घ्यावी हे ठरवत नव्हतं. शिवाय सुतार गावाला बांधलेला. त्याचा वाटा त्याच गावच्या खळ्यावर, तोही बलुतेदारांतली थोरली, मधली की धाकटी ओळ ते बघून. दहा गावच्या सुतारांची एक तिजोरी नाही, तर ते राजाला अडवणार कशानं?

गावकूस: "बांधलेला" काय? वतन होतं ते, हक्क होता! सुताराचं वतन पाटलालाही मनाला येईल तसं काढता येत नव्हतं.

खळेवाट: हक्क बापाकडून मुलाकडे येणारा. निवडच नाही, तर प्रतिनिधी कसला?

ताम्रपट: निवडीनंही सगळं सुटत नाही. इटलीतलं फ्लॉरेन्स तर गणराज्य, तिथे २१ धंदेसंघांतूनच कारभारी यायचे, चिठ्ठ्या काढून, दोन महिन्यांसाठी. पण लोकर पिंजणाऱ्यांना संघच नव्हता. १३७८ च्या बंडात कामकऱ्यांनी तीन नवे संघ मिळवले; सगळ्यात खालच्यांचा काही आठवड्यांतच मोडला.

गावकूस: मग पेठा घ्या. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन सरकारकडून कौल, म्हणजे लेखी हमी, घ्यायचे, इतकी वर्षं जकात माफ म्हणून. ही सरकारशी घासाघीस नव्हे?

खळेवाट: आहे, एवढं मान्य. पण प्रत्येक पेठ आपापला कौल घ्यायची. सगळ्या पेठांना एकत्र बोलावण्याची वेळ सरकारवर आली नाही, कारण पेशव्यांना मोहिमेचं कर्ज एकेका सावकाराकडून मिळायचं. सभेपुढे हात पसरावे लागले असते, तर सभेनं अटी घातल्या असत्या.

गावकूस: सावकारांचं पटलं. "बांधलेला" मात्र मागे घ्या.

खळेवाट: वतनदार सुतारापुरतं घेतो. वतन नसलेल्या उपऱ्या सुताराला तो हक्कही नव्हता.