मुलांचं कोल्ड्रिंक कसं बंद करू? क्लासला पोरं पाठवणाऱ्या पालकांनी प्लीज सांगा

नमस्कार मंडळी, मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत, आम्ही नाशिकला. मुलाचा क्लास संध्याकाळी आणि बिल्डिंगच्या खालीच टपरी, फ्रीजमध्ये सगळ्यात पुढे २० रुपयांची एनर्जी ड्रिंक आणि १० रुपयांची कोल्ड्रिंक. ब्रेकमध्ये पोरांचा घोळका खाली उतरतो, एकाने घेतली की सगळे घेतात, आता त्यात माझ्या एकट्या मुलाने पाणी पीत उभं राहावं असं कुठल्या तोंडाने सांगू? रागावून झालं, खाऊचे पैसे बंद करून झाले, तर मित्र पाजतात.

परवा दप्तरात एनर्जी ड्रिंकची रिकामी बाटली सापडली. लहान मुलांनी, गरोदर बायकांनी पिऊ नये असं त्यावर लिहिलंय, पण इतकं बारीक की फोटो काढून झूम केल्यावर वाचता आलं. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या) नियमात अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. संध्याकाळी ते पोटात गेल्यावर पोरगं रात्री टक्क जागं राहणारच ना!

साध्या कोलाची साखर मुलीला घेऊन वाटीत मोजली. १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सहा चमचे भरून वर थोडी. अमेरिकन हार्ट असोसिएशन २ ते १८ वर्षांच्या मुलांना अख्ख्या दिवसात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. मुलगी वाटीकडे बघतच राहिली, मुलगा म्हणे सगळेच पितात.

मला नुसता पोरांचा हट्ट वाटत नाही हो हा. शाळेतले टॉयलेट घाण म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, तहानलेल्या सुटतात आणि समोर गारेगार बाटली. मॅच लावली की जाहिरात, मोबाईल उघडला की जाहिरात. आणि घरात सासरे प्रेमाने रविवारी दोन लिटरची आणतात, त्यांना तोडून बोलवत नाही. पण एक नक्की, फ्रीजमध्ये नसली की दोघंही मागत नाहीत.

शाळेच्या गेटपासून ५० मीटरमध्ये जास्त साखरेचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे, पण खाजगी क्लास म्हणजे शाळा नाही ना, तिथे कोणाला सांगायचं? क्लासवाल्या सरांशी कोणी बोललंय का? आणि सासऱ्यांना न दुखावता कसं सांगायचं?

प्रतिसाद:
ताई, आमच्याकडे चार-पाच पालक मिळून सरांकडे गेलो, एकट्याने गेलं की ऐकत नाहीत. सरांनी वर थंड पाण्याचा जार ठेवला आणि ब्रेकमध्ये खाली उतरणं बंद केलं. पूर्ण सुटलं नाही पण बरंच कमी झालं. पोरं भुकेलेली असतात हेही बघा, डब्यात पोळीचा रोल जास्तीचा द्या. आजोबांना तुम्ही बोलू नका, नातीलाच ती वाटी घेऊन पाठवा. आणि त्यांनाच कोकम, पन्हं आणायला सांगा, फक्त विकतच्या सिरपात साखर भरपूर असते, घरी करा.

धागाकर्ती:
खूप आभार! सरांना भेटायला बाकीच्या आयांना आजच ग्रुपवर विचारते. जार तुम्ही वर्गणी काढून ठेवला की सरांनी खर्च केला?