मुलांची जुनाट बद्धकोष्ठता: फिजिओथेरपीत नेमकं काय करून घ्यायचं?

गुडघा_कंबर_ओपीडी
नमस्कार. बालरोगतज्ज्ञांनी ७ वर्षांचा, २२ किलो वजनाचा मुलगा पाठवला आहे. दीडेक वर्षाचा त्रास. आठवड्यातून दोनदा शी होते, तीही जाड आणि कडक; मधल्या दिवसांत चड्डीला पातळ डाग. जन्मानंतरची पहिली शी २४ तासांच्या आत झाली होती. वाढ, कणा, पायांची ताकद, रिफ्लेक्स सगळं ठीक. शी मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर लिहून दिलेली आहे, पण डाग दिसले की ‘जुलाब लागले’ म्हणून आई ती बंद करते. कमोडवर चेहरा लाल होईपर्यंत कुंथतो, हाती काही लागत नाही. पोटाचे स्नायू कमजोर धरून सिट-अप्स आणि कीगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम) सुरू करावेत का? घरी काय सांगावं आणि किती दिवस?

ओटीपोट_फिजिओ
कीगल अजिबात नको, सिट-अप्सही नकोत. तुम्ही सांगताय त्या मुलाची अडचण बहुतेक ताकदीची नाही, सोडण्याची आहे. प्युबोरेक्टॅलिस हा स्नायू मलाशयाला मागून गोफणीसारखा धरून असतो. शी करताना तो सैल पडायला हवा. एकदा दुखलं की मूल शी अडवायला शिकतं, आणि मग जोर लावतानाच खालचा भाग आवळतं. कीगलने आपण त्याला हेच आणखी चांगलं आवळायला शिकवतो.

आधी एवढं तपासा. मुलाला स्टुलावर बसवा, एक हात बेंबीखाली, दुसरा कंबरेच्या बाजूला ठेवा आणि ‘शी करतोस तसा जोर लाव’ म्हणा. पोट आत गेलं, श्वास रोखला, ढुंगण आवळून तो जरा वर उचलला गेला, तर पद्धत उलटी आहे. पोट पुढे आणि कंबर बाजूंना फुगली पाहिजे. या वयात बोट घालून तपासणी करायची गरज आपल्याला नसते. सोय असेल तर गुदद्वाराच्या बाजूच्या त्वचेवर ईएमजीचे (स्नायू किती आवळलाय ते टिपणारे) स्टिकर लावून पडद्यावर दाखवता येतं. मुलांना ते आवडतं, पण त्यावाचून अडत नाही.

शिकवण्याचा क्रम: आधी उताणं झोपवून पोटावर हलकं खेळणं ठेवायचं, नाकाने श्वास घेताना ते वर गेलं पाहिजे. हे जमलं की तेच बसून. मग भिरभिरं किंवा साबणाचे फुगे: हळू, लांब फुंकर, आणि फुंकताना पोट पुढेच ठेवायचं. फुंकर मारताना श्वास रोखता येत नाही, म्हणून ही युक्ती चालते. लहान मुलांना गाईसारखं लांब ‘मूऽऽ’ करायला सांगा, परिणाम तोच. आवळणं आणि सोडणं यातला फरक कळावा म्हणून दोन-तीनदा हलकं आवळून पूर्ण सोडायला लावा, भर सोडण्यावर.

बसणं: जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांच्या आत, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं. दिवसातून दोन-तीनदा, ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. कमोडवर लहान सीट लावा, पायांखाली पाट किंवा स्टूल, गुडघे खुब्यापेक्षा वर, पाय फाकलेले, कोपरं मांड्यांवर. पाय लोंबकळत असतील तर तो पडू नये म्हणून मांड्या आवळतो, मग खालचा भाग सुटणार कसा? बक्षिसाचा तारा शांत बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नाही.

बालरोग_कट्टा
वरचं सगळं बरोबर, पण मलाशय भरलेलं असताना ते करून उपयोग नाही. ते डाग म्हणजे जुलाब नव्हेत, अडकलेल्या खड्याच्या कडेने पाझरणारी पातळ शी आहे. आईला हे चित्र काढून समजावा, नाहीतर औषध पुन्हा बंद होईल.

आधी साफ करायचं: पॉलिइथिलीन ग्लायकॉल रोज किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस. या मुलाला रोज २२ ते ३३ ग्रॅम. या दिवसांत डाग वाढतील, ते आधीच सांगून ठेवा. नंतर रोज किलोमागे ०.४ ग्रॅमपासून, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, आणि शी मऊ राहील असं कमीजास्त. डोस त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा. निदान दोन महिने औषध चालू राहतं आणि तक्रारी थांबून महिना झाल्यावरच हळूहळू कमी होतं. ताणलेलं मलाशय आकसून संवेदना परत यायला वेळ लागतो. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना कित्येक महिने लागतात.

साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ घालणं कटाक्षाने थांबवायला सांगा. त्या भागाची भीती वाढते आणि अडवणं पक्कं होतं. लघवीची घाई, अंथरूण ओलं होणं, वारंवार लघवीचा संसर्ग हेही विचारा. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाब देतं.

हिरवट उलटी, फुगलेलं पोट, वजन न वाढणं, पायांत अशक्तपणा, कंबरेखाली केसांचा झुपका किंवा खळगा यांपैकी काही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच परत पाठवा.

हलका_हात
मसाजबद्दल: पोट साफ झाल्यानंतर, जेवणानंतर लगेच नाही. कोमट तेल, सपाट तळहात. मुलाच्या उजव्या जांघेपासून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली. दहा मिनिटं. तो पोट घट्ट करत असेल तर दाब जास्त होतोय.

पुराव्याचंही पालकांना खरं सांगावं. नेदरलँड्समध्ये २०१७ साली रुग्णालयांतल्या मुलांवरच्या अभ्यासात फिजिओथेरपीचा चांगला फायदा दिसला, पण २०२० साली फॅमिली डॉक्टरांकडच्या मुलांमध्ये नेहमीच्या उपचारांत ती जोडून सरसकट जास्त फायदा दिसला नाही. म्हणून प्रत्येक बद्धकोष्ठतेला नव्हे. औषध नीट घेऊनही अडलेल्या, उलटा जोर लावणाऱ्या मुलाला द्यावी.

गुडघा_कंबर_ओपीडी
आभारी आहे. तपासलं, पोट आतच जातं. एक राहिलं: गावच्या घरी भारतीय संडास आहे, शाळेत तर तो जातच नाही.

ओटीपोट_फिजिओ
उकिडवं बसणं उत्तमच, फक्त टाचा टेकल्या पाहिजेत. टाचा उचललेल्या असतील तर पोटऱ्या आणि मांड्या ताठ राहतात. टाचांखाली पातळ फळी द्या, समोर धरायला काहीतरी असू द्या. शाळेसाठी सकाळच्या नाश्त्यानंतरची बैठक पक्की करा, त्यासाठी २० मिनिटं आधी उठवायला लागलं तरी चालेल. बाईंना चिठ्ठी द्या की त्याने विचारलं की लगेच सोडावं. पहिला महिना दर आठवड्याला बोलवा, मग पंधरा दिवसांनी. शी कधी झाली, किती मऊ, डाग होते का, औषध किती ग्रॅम, एवढी वही आईने ठेवावी. वहीत दोन-तीन दिवस कोरे दिसले तर व्यायाम वाढवू नका, आधी औषध चुकलंय का ते विचारा.