पावसाळ्यानंतर रिपीटरचा डुप्लेक्सर उघडून साफ करावा का?

घाटमाथा:
आमच्या हॅम (हौशी रेडिओ) गटाचा २ मीटर बँडवरचा रिपीटर, म्हणजे दूरचे क्षीण सिग्नल घेऊन ते पुन्हा जोरात सोडणारा संच, सह्याद्रीच्या माथ्यावर एका पत्र्याच्या खोलीत आहे. ट्रान्समीटर ५० वॅटचा आहे, घेण्याच्या आणि सोडण्याच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झचे अंतर आहे आणि एकाच अँटेनावर दोन्ही कामे चालत असल्याने सहा कॅव्हिटींचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या पोकळ डब्यांचा) डुप्लेक्सर, म्हणजे दोन्ही सिग्नल वेगळे ठेवणारा फिल्टर, लावलेला आहे. चार महिने धुक्यात गेल्यानंतर आता दूरचे हँडसेट रिपीटर उघडतात खरे, पण ट्रान्समीटर सुरू होताच त्यांचा आवाज खरखरीत बुडून जातो. एका कॅव्हिटीचे झाकण काढून पाहिले, तेव्हा आतला कपलिंग लूप (सिग्नल आत-बाहेर नेणारी धातूची कडी) काळा पडलेला आणि एका सांध्यापाशी हिरवट थर जमलेला दिसला. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासतो, तसे हे घासले तर चालेल का?

सांधेजोड:
कृपया आणखी एकही झाकण उघडू नका. दोष कॅव्हिटीतच आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवे. डुप्लेक्सरच्या अँटेनाकडच्या तोंडावर डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोधक) लावा, तिथेच सॅम्पलर टी (मार्गात थोडासाच सिग्नल सोडू देणारा जोड) जोडून सिग्नल जनरेटरचा जेमतेम ऐकू येईल इतका क्षीण सिग्नल आत सोडा आणि मग ट्रान्समीटर चालू-बंद करून ऐका. डमी लोडवर खरखर नाहीशी झाली, तर डुप्लेक्सर निर्दोष आहे आणि दोष अँटेना, फीडलाइन (अँटेनापर्यंतची केबल) किंवा मनोऱ्यावरच्या गंजलेल्या बोल्टांत शोधावा लागेल. विशेषतः वाऱ्याबरोबर खरखर कमी-जास्त होत असेल, तर वर चढूनच पाहावे. खरखर तशीच राहिली, तर दोन कॅव्हिटींमधल्या जोडकेबली एकेक करून हाताने हलवून पाहा. माझ्या अनुभवात दोष बहुधा तिथेच सापडतो.

तांबट:
वरील सल्ला अगदी योग्य आहे. साफसफाईपुरते मी लिहितो, कारण चिंच-मिठाचे वाचून काळजी वाटली. मिठातले क्लोराइड सांध्यात अडकून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच सांधा आतून खाते. लूपवरचा काळा थर म्हणजे चांदीच्या मुलाम्यावर गंधकामुळे आलेला डाग असतो. तो दिसायला वाईट असला, तरी पातळ असेपर्यंत फारसे नुकसान करत नाही. १४५ मेगाहर्ट्झला प्रवाह धातूच्या वरच्या जेमतेम पाच-सहा मायक्रॉन थरातूनच वाहतो, म्हणून डाग घालवण्याच्या नादात पॉलिश पेपरने मुलामा खरवडला, तर जी चांगली वाट होती तीच आपल्या हाताने नाहीशी होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे मऊ कापड एवढेच वापरावे.

खरे लक्ष द्यायचे ते ट्यूनिंग रॉडच्या सरकत्या नळीला घट्ट धरून ठेवणाऱ्या बोटांसारख्या स्प्रिंगपट्ट्यांकडे. त्यांची पकड सैल झाली की त्या जागी खरखर जन्माला येते. या पट्ट्या बऱ्याचदा बेरिलियममिश्रित तांब्याच्या असतात आणि त्या धातूची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून त्यांना कानस किंवा सँडपेपर कधीही लावू नये. रॉड हलवण्यापूर्वी बाहेर उरलेली त्याची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी. तो रॉड इन्व्हारचा असतो, कारण हा मिश्रधातू दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारठ्याने फारसा लांबत-आखडत नाही. त्याच्या जागी पितळी रॉड बसवला, तर ट्यूनिंग हवामानाबरोबर सरकत राहील.

सांधेजोड:
एक भर घालतो. उघडलेली कॅव्हिटी पुन्हा ट्यून करावीच लागते. साध्या नॅनोव्हीएनएची (फिल्टर तपासण्याच्या छोट्या मापन-उपकरणाची) मोजण्याची पोच सुमारे ७० डेसिबलची असते, त्यामुळे एका बाजूच्या तिन्ही कॅव्हिटींची एकत्र नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारी खोल खाच) त्यावर पुरती दिसत नाही. एकेक कॅव्हिटी सुटी करून नॉच बसवावी आणि शेवटची खात्री डमी लोडच्या चाचणीनेच करावी. प्रत्येक बाजूचा मार्गातला ऱ्हासही पाहावा, तो १.५ डेसिबल असेल, तर ५० वॅटपैकी सुमारे ३५ वॅट पुढे जातात, आणि त्याहून फार कमी जात असतील, तर कुठेतरी सांधा तापत असणार.

घाटमाथा:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी वर जाऊन चाचणी केली. डमी लोडवरही खरखर कायम राहिली आणि रिसीव्हरकडच्या दुसऱ्या व तिसऱ्या कॅव्हिटीमधली केबल हलवताच ती एकदम वाढली. कनेक्टर कापून पाहिला, तेव्हा पाणी शिरून आतली जाळी बोटभर अंतरापर्यंत हिरवी पडली होती. टोकापासून टोकापर्यंत तंतोतंत तेवढ्याच लांबीची, दुहेरी जाळीची केबल चांदीचा मुलामा असलेल्या कनेक्टरांसह बनवून लावली. मी झाकण काढलेल्या कॅव्हिटीची नॉच ४० किलोहर्ट्झ सरकलेली निघाली आणि ती जागेवर आणण्यात दुपार गेली. आता ट्रान्समीटर चालू असतानाही दूरचे हँडसेट स्वच्छ ऐकू येतात. काळा लूप अल्कोहोलने पुसून तसाच काळा ठेवला आहे.